करड्या साडीचा शनिवार : नवरात्रीचे नऊ रंग नेमके किती जुने?

माझ्या तिसऱ्या प्रकरणाच्या मसुद्यात एक साधं वाक्य होतं. ‘महाराष्ट्रात नवरात्रीच्या नऊ दिवसांत स्त्रिया परंपरेने ठरावीक रंगांची वस्त्रे नेसतात.’ सरांनी ‘परंपरेने’ या शब्दाला पेन्सिलने गोल केला आणि समासात लिहिलं, ‘कधीपासून?’ मी म्हटलं, सर, हे तर पूर्वीपासूनच आहे. त्यावर ते म्हणाले, पूर्वी म्हणजे कोणत्या साली?

मला उत्तर देता आलं नाही. या एका शब्दामुळे प्रकरण दोन महिने लांबलं. त्या दोन महिन्यांत काय काय केलं ते इथे लिहिते आहे, कारण पीएच.डी.ला बसणाऱ्या प्रत्येकाच्या सिनॉप्सिसमध्ये असा एक ‘परंपरेने’ लपलेला असतोच.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी एम.एस्सी. केलं रसायनशास्त्रात, रंगद्रव्यांवर. पुढे लक्षात आलं की रंग कापडावर कसा बसतो यापेक्षा तो बाजारात कसा खपतो हे कोडं मला जास्त सतावतंय. म्हणून आता मावळात काम करते. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव इथल्या कापडदुकानांत कोणत्या हंगामात कोणता रंग उचलला जातो आणि तो तिथपर्यंत येतो कुठून, हा विषय.

या विषयावरची पुस्तकं उघडलीत की पहिल्या पानावर पॅरिस येतं. १८५८ साली चार्ल्स फ्रेडरिक वर्थने तिथे दुकान थाटलं, जिवंत मॉडेलच्या अंगावर कपडे घालून दाखवायला सुरुवात केली आणि हळूहळू हंगामाहंगामाला नवा संग्रह काढायची शिस्त रुळली. त्याच काळात लंडनमध्ये विल्यम पर्किनने १८५६ साली क्विनाइन बनवायच्या खटपटीत अपघाताने ‘मॉव्ह’ हा जांभळट रंग काढला. राणी व्हिक्टोरियाने १८५८ च्या जानेवारीत मुलीच्या लग्नाला त्याच छटेचा पोशाख घातला आणि पुढच्या वर्षी ‘पंच’ मासिक या जांभळ्या साथीला गोवर म्हणून हिणवायला लागलं. राणी, मग सरदारणी, मग दुकानदाराची बायको, मग रस्ता. जॉर्ज झिमेलने १९०४ च्या निबंधात याचं तत्त्व सांगितलं : खालचा वर्ग वरच्याची नक्कल करतो, नक्कल झाली की वरचा वर्ग ती फॅशन सोडून पुढे जातो. आजची यंत्रणा यापेक्षा गुंतागुंतीची आहे, पण साखळीची दिशा पुस्तकांत साधारण तीच राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रॅम्पवर पुढच्या थंडीचे कपडे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे, आणि मधल्या सहा महिन्यांत ते कारखान्यातून दुकानात. अमेरिकेत १९१५ पासून गिरण्या आणि दुकानं यांच्यासाठी प्रमाणित रंगपट्ट्या निघायला लागल्या, म्हणजे हंगामाचा रंग सगळ्यांना आधीच कळावा. ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’मधलं निळ्या स्वेटरचं भाषण तुम्ही पाहिलंच असेल. तिथे हीच साखळी दोन मिनिटांत सांगितली आहे.

लोणावळ्याच्या बाजारात ही साखळी दिसते, नाही असं नाही. कुर्तीचा गळा, पँटची रुंदी, ओढणीचं कापड हे सगळं मुंबई-सुरतेहून घाट चढून किंवा पुण्याहून लोकलने येतं. पण ते येतं विस्कळीत, कुणाच्या अंगावर यंदाचं, कुणाच्या अंगावर तीन वर्षांपूर्वीचं. संपूर्ण वर्षात फक्त नऊ दिवस असे असतात की झेडपीच्या शाळेतल्या बाई, बँकेतल्या कॅशियर, पुणे-लोणावळा लोकलच्या लेडीज डब्यातल्या कॉलेजच्या मुली आणि चिक्कीच्या दुकानातल्या काउंटरवरच्या ताई एकाच दिवशी एकाच रंगात असतात. पॅरिसच्या कुठल्याही शोला हे कधी जमलेलं नाही. म्हणून हे नऊ दिवस माझ्या प्रबंधात होते. मी ते ‘परंपरा’ या खात्यात टाकून मोकळी झाले होते, एवढीच माझी चूक.

पहिला पुरावा मी घरात शोधला. माझी मावशी कामशेतला असते, शाळेतून निवृत्त झालीय. तिला विचारलं. ती म्हणाली, “अगं, आमच्या शाळेत पहिल्यापासून होतं. आम्ही सगळ्या जणी एकाच रंगात जायचो.” पहिल्यापासून म्हणजे? “मी नोकरीला लागले तेव्हापासून.” ती नोकरीला लागली ऐंशीच्या दशकात.

मुलाखत हा पुरावा असतो, पण तो कशाचा पुरावा असतो हे ठरवावं लागतं. मावशी खोटं बोलत नव्हती. आपली स्मृती वीस वर्षं दरसाल केलेली गोष्ट चाळीस वर्षं मागे सहज पसरवते. म्हणून मी तिचे अल्बम मागितले. शाळेच्या भोंडल्याचे, दसऱ्याला पाटीपूजन झाल्यावरचे फोटो. स्टुडिओचा शिक्का आणि साल मागे होतं. नव्वदच्या दशकातल्या एकाही फोटोत रंग जुळत नव्हते. हिरवी, चॉकलेटी, फुलाफुलांची, जरीकाठी, जिला जी चांगली वाटली ती. मावशीने फोटो दोनदा उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “हा भोंडला असेल, नवरात्र नसेल.” भोंडला नवरात्रातच असतो हे तिलाही आठवलं आणि मग आम्ही चहा घेतला.

दुसरा पुरावा छापील. आणि गंमत म्हणजे ही गोष्ट कुणी लपवलेलीच नाहीये. २००३-०४ च्या सुमारास ‘महाराष्ट्र टाइम्स’ने नवरात्रात रोजचा रंग जाहीर करायला आणि त्या रंगात आलेल्या वाचक स्त्रियांचे समूह-फोटो छापायला सुरुवात केली. तेव्हा भारतकुमार राऊत संपादक होते. मुंबईच्या ऑफिसांतून, बँकांतून, लोकलच्या ग्रुपमधून फोटोंचा पूर आला. आपला फोटो पेपरात, तोही रंगीत पानावर, हे त्या काळात किती मोठं होतं ते आज मोबाइलवाल्यांना सांगावं लागतं. बाकीच्या वर्तमानपत्रांनी, वाहिन्यांनी आणि नंतर व्हॉट्सअॅपने तो रंग पुढे नेला. पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांनी वेळोवेळी स्पष्ट सांगितलंय की हे रंग त्या त्या दिवसाच्या वारावरून ठरतात आणि त्यांना धर्मशास्त्राचा आधार नाही. दुर्गासप्तशतीत देवीची रूपं आहेत, शस्त्रं आहेत, असुरांची यादी आहे. भक्तिणीने बुधवारी काय नेसावं ते नाही.

इथपर्यंत आल्यावर काम संपलं असं वाटलं होतं. पण माझ्यातली विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणाली, रंग वारावरून ठरतात हे विधान तपासता येतं, तर तपास. म्हणून २०२० ते २०२५ या सहा वर्षांच्या प्रचलित याद्या घेऊन बसले. घटस्थापना २०२० ला शनिवारी होती, २०२१ ला गुरुवारी, २०२२ ला सोमवारी, २०२३ ला रविवारी, २०२४ ला पुन्हा गुरुवारी आणि २०२५ ला पुन्हा सोमवारी. याद्या शेजारी शेजारी मांडल्या की नियम लख्ख दिसतो. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी नारंगी. पहिले सात दिवस यात एकही चूक नाही. आठव्या-नवव्या दिवशी वार पुन्हा तेच येतात, पण रंग तेच देऊन चालत नाही, म्हणून तिथे मोरपंखी, गुलाबी आणि जांभळा यांतले दोन आलटूनपालटून येतात. २०२१ ची आणि २०२४ ची यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे, दोन्हीकडे शेवट गुलाबी आणि जांभळ्याने.

(सहा वर्षं गुणिले सात म्हणजे बेचाळीस दिवस, बेचाळीसही जुळले, असं मी आनंदाने लिहून दिलं होतं. सरांनी विचारलं, यातली स्वतंत्र निरीक्षणं किती? घटस्थापनेचे वेगवेगळे वार फक्त चार आहेत. शिवाय यादी एकदा नियमाने बनवायला लागल्यावर बेचाळीस जुळणं हे बेचाळीस पुरावे नसतात, एकाच नियमाच्या बेचाळीस प्रती असतात. हे वाक्य मी टेबलासमोर चिकटवलंय.)

खरी मजा यापुढे आहे. वारांचे रंग आपल्याकडे आधीपासून आहेत, नवग्रहांचे. सूर्य तांबडा, चंद्र पांढरा, मंगळ लाल, बुध हिरवा, गुरू पिवळा, शुक्र पांढरा, शनी काळा. आता ही यादी नवरात्रीच्या यादीशेजारी ठेवा. सोमवार, मंगळवार, गुरुवार तंतोतंत जुळतात. बाकीचे चार सरकलेत. का सरकले? माझा तर्क असा. ग्रहांच्या यादीत पांढरा दोनदा येतो आणि लाल-तांबडा जवळजवळ दोनदा. पूजेत ते चालतं, कपड्यांत कंटाळवाणं होतं. त्यामुळे सोमवारने पांढरा घेतला की शुक्राला दुसरा रंग हवा, तो बुधाकडून हिरवा आला आणि बुधाला निळा मिळाला. मंगळाने लाल घेतल्यावर सूर्य नारंगी झाला. आणि शनीचा काळा? संक्रांत सोडली तर सणाला काळं नेसायला आपल्या घरांत कुणी तयार नाही. म्हणून काळ्याचा करडा झाला.

म्हणजे या यादीचा पाया ज्योतिषाचा असला तरी हात कपाट ओळखणाऱ्याचा फिरलेला आहे. जुनं साहित्य घेऊन नवी गोष्ट अशी बांधलेली असते, आणि म्हणूनच ती पटकन जुनी वाटते.

काही जण मला सांगतात की रंग घटाच्या माळांवरून आले. हेही तपासून पाहिलं. माळांची प्रचलित यादी अशी : पहिली माळ शेवंती, सोनचाफा अशा पिवळ्या फुलांची, दुसरी अनंत, मोगरा, तगर अशा पांढऱ्यांची, तिसरी गोकर्ण, कृष्णकमळ अशा निळ्यांची. घराघरांत थोडा फरक असतो, पण माळ दिवसाच्या क्रमांकाला बांधलेली असते, वाराला नाही. घटस्थापना कुठल्याही वारी येवो, दुसरी माळ पांढरीच. कपड्यांचा रंग मात्र वाराला बांधलेला. दोन व्यवस्थांचे सांधेच वेगळे आहेत, तेव्हा एकीतून दुसरी निघाली असं म्हणता येत नाही.

तुम्ही समाजशास्त्र किंवा इतिहासाकडून येत असाल तर एव्हाना हॉब्सबॉम आणि रेंजर यांचं नाव तुमच्या ओठांवर आलं असेल. त्यांचं ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ १९८३ चं. त्यातलं ह्यू ट्रेव्हर-रोपरचं स्कॉटिश पोशाखावरचं प्रकरण वाचा, कापडवाल्यांसाठी ते सोन्याची खाण आहे. प्रत्येक कुळाची आपली वेगळी प्राचीन चौकट असते, ही समजूत घट्ट झाली ती १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा, आणि बॅनॉकबर्नच्या विल्सन नावाच्या विणकर पेढीने चौकटींना कुळांची नावं देऊन माल विकला. विणकराचं नमुन्यांचं पुस्तक कुळाची वंशावळ झालं. आपल्याकडे वर्तमानपत्राचं पान देवीचा आदेश झालं. फरक एक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. स्कॉटलंडमध्ये सुरुवातीलाच कापड विकणारा होता. इथे विकणारा मागाहून आला.

कारण ही कल्पना वस्तू मागत नव्हती, रंग मागत होती. एकसारख्या साड्या नेसणं आपल्याला नवं नाही. कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्यांवर नवरात्रात उभ्या राहा, मुंबई-रायगडकडून आलेल्या कोळी-आगरी बायकांचे गट एकाच काठाच्या, एकाच छापाच्या साड्यांत चढताना दिसतात. गेल्या वर्षी हिरव्याच्या शुक्रवारी मी तिथे होते आणि वर चढणाऱ्या एका गटाच्या साड्या चक्क राणी रंगाच्या होत्या. त्यांची एकरूपता त्यांच्या मंडळाची होती, पेपरची नव्हती. अशा साड्या एकत्र ठरवून, पैसे गोळा करून, एका दुकानातून घ्याव्या लागतात. भजनी मंडळाचं, भिशीचं तसंच. उलट ‘उद्या पिवळा’ एवढंच सांगितलं तर कुणाला कुणाशी बोलावं लागत नाही. कपाट उघडायचं. अनोळखी बाईशीही रंग जुळतो.

आणि रंगांची नावं पाहा. आपल्या साड्यांच्या दुकानात चिंतामणी आहे, डाळिंबी आहे, आंबा आहे, वांगी आहे. यादीत यातलं एकही नाही. लाल, पिवळा, हिरवा. यादीने डाळिंबी मागितला असता तर लेडीज डब्यातल्या निम्म्या जणी बाहेर पडल्या असत्या. लाल प्रत्येकीकडे असतोच. मला निरीक्षणाचा तक्ता भरताना याचाच त्रास झाला, कारण पोपटी, बाटली आणि मेंदी हे तिन्ही ‘हिरवा’ म्हणून मोजायचे का हा प्रश्न. शेवटी ठरवलं की नेसणारी ज्याला हिरवा म्हणते तो हिरवा. मोरपंखीला तर बायकांमध्येच एकमत नव्हतं, त्या दिवशी निळ्यापासून हिरव्यापर्यंत सगळं होतं. माप काटेकोर करायला गेले असते तर जे मोजायचं तेच हातातून निसटलं असतं. नेमका हाच सैलपणा तर या प्रथेच्या पसरण्याचं कारण आहे.

दुकानं शिकली ती नंतर. लोणावळ्यातल्या एका जुन्या दुकानदारांनी मला सांगितलं की करडी साडी पूर्वी सणाला कुणी मागायचंच नाही, ती ऑफिसवाल्यांसाठी दोन-चार ठेवायची. आता गणपती झाले की करडा माल वेगळा भरतात. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात चोख पुरावा. लालची मागणी नवरात्रात वाढली तर ती देवीमुळे, लग्नसराईमुळे, कशामुळेही असेल. करड्याला दुसरं कारणच नाही. कुठल्याही बदलाचा माग काढायचा असेल तर आधी हे पाहा की त्या बदलाशिवाय जे घडलंच नसतं असं काय आहे.

आणि त्यांना भाकीत विकत घ्यावं लागत नाही. पॅरिसचा हंगाम ओळखायला कंपन्या पैसे मोजतात. १९६९ मध्ये हर्बर्ट ब्लूमरने लिहिलं होतं की शंभरावर नमुन्यांतून वेगवेगळे खरेदीदार एकमेकांना न विचारता तेच मोजके नमुने कसे उचलतात हे पाहून तो चकित झाला होता. आमच्या दुकानदारांना चकित व्हायची गरज नाही. भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

याची दुसरी बाजूही तक्त्यात आहे. एका रिसॉर्टमध्ये साफसफाईचं काम करणाऱ्या ताई म्हणाल्या, “आम्हाला वर्दीच असते, मग मी केसाला त्या रंगाचं रबर लावते.” दुसऱ्या एकीच्या कंपनीत फोटोसाठी सगळ्यांनी रंगात यावं असा निरोप फिरतो, आणि तिच्याकडे करडं काही नव्हतं म्हणून तिने त्या शनिवारी सुट्टी टाकली. एक दिवसाचा पगार गेला. स्वेच्छेची गोष्ट सक्तीची कधी होते, याची तारीख कुठल्याही पेपरात सापडत नाही.

हे सगळं घेऊन मी पुन्हा कामशेतला गेले, थोडी विजयी मुद्रेनेच. मावशीला म्हटलं, बघ, वीसेक वर्षांचीच गोष्ट आहे, पेपरने सुरू केलेली. तिने शांतपणे मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला. साधारण दहा वर्षांपूर्वीचा, घरातल्या सगळ्या बायका अंगणात, लालचा मंगळवार. मध्ये खुर्चीवर आजी. माझी आजी पस्तिसाव्या वर्षी विधवा झाली आणि त्यानंतर तिने फिक्या, विटक्या रंगांपलीकडे काही नेसलं नाही. तिला कुणी मना केलं होतं असंही नाही, तिनेच ठरवलं होतं. फोटोत ती लाल साडीत होती.

“पेपरात आलंय म्हणून नेस म्हटलं असतं तर नेसली असती का ती?” मावशी म्हणाली. “मी तिला सांगितलं, देवीचा रंग आहे, पूर्वीपासून आहे, नाही म्हणायचं नसतं.”

प्रबंधातलं वाक्य मी बदललं. आता ते असं आहे : ‘२००३-०४ च्या सुमारास एका मराठी वर्तमानपत्राने सुरू केलेली आणि अल्पावधीत परंपरा म्हणून स्वीकारली गेलेली ही प्रथा...’ ‘परंपरा’ हा शब्द काढून टाकायचा होता, तो मी ठेवला, फक्त त्याची जागा बदलली. सरांनी या वेळी पेन्सिल लावली नाही. आजीचा फोटो परिशिष्टात घ्यायचा होता, पण मावशीने नको म्हटलं. म्हणून तो नाही.

आता भाकीत. नियम बरोबर असेल तर तो पुढच्या वर्षालाही लागू पडायला हवा, नाहीतर मी नुसती मागची बेरीज केली. २०२६ ची घटस्थापना ११ ऑक्टोबरला, रविवारी आहे. माझ्या हिशोबाने नारंगी, पांढरा, लाल, निळा, पिवळा, हिरवा, करडा. करडा १७ तारखेला. शेवटचे दोन सांगायचं धाडस करत नाही, २०२३ ला रविवारच्या घटस्थापनेनंतर जांभळा आणि मोरपंखी होते एवढंच नोंदवून ठेवते. याद्या आल्या की ताडून पाहा, आणि एखादा जरी चुकला तरी मला कळवा.